हाक न मारणारी बाई

मोरीन माझ्याशी पहिल्यांदा बोलली ती कुंपणावरून, आणि तेही तक्रार करायला. तक्रार माझी नव्हती, माझ्या कुकरची होती.

"तुमच्याकडे रोज अकरा वाजता काहीतरी शिट्टी मारतं," ती म्हणाली. "माझ्या सुरापेक्षा जरा वर लागतं. खाली आणता येईल का?"

मी सांगितलं, डाळ शिजवायची तर शिट्टी होणार, आणि ती काही माझं ऐकत नाही. तिने मान तिरपी करून यावर खरोखर विचार केला. "ठीक आहे, लव्ह. मग मीच वर येते." दुसऱ्या दिवशी अकराला तिने वाजवायची पट्टी बदलली. तिसऱ्या शिट्टीला कुकर आणि तिचा बाजा असे काही जुळले की आत बाळाला पाजत बसलेली रेवती ओरडली, "आई, काय चाललंय तुम्हा दोघींचं?"

बाजा म्हणजे कॉन्सर्टिना. हार्मोनियमची दूरची, फिरस्ती बहीण म्हणा. दोन तळव्यांत मावणारी, षटकोनी, मधे भाता. मोरीन तेव्हा एकोणऐंशीची होती आणि तिची फुप्फुसं कामातून गेली होती. हिरव्या पुरुषी कार्डिगनच्या उजव्या खिशात पंप आणि डाव्या खिशात खडू असायचा. चार पायऱ्या चढली की पंप ओढायची आणि बाजा थोपटून म्हणायची, "श्वास घ्यायचं काम मी याला दिलंय."

मी टूवूंबाला आले होते तीन महिन्यांसाठी. रेवती इथल्या हॉस्पिटलात नर्स, तिचं दुसरं बाळंतपण. फेब्रुवारीत आले, मार्चमध्ये विमानं बंद झाली, आणि तीन महिन्यांची पाहुणी जवळजवळ दोन वर्षं राहिली. साताऱ्याच्या शाळेत एकतीस वर्षं मी पोरांना ऑस्ट्रेलियाचा नकाशा काढायला लावला होता. एकदा एका मुलीने विचारलं होतं, "बाई, तिथे माणसं काय करतात?" मी रुबाबात म्हटलं होतं, "मेंढ्या पाळतात." देवाने ते ऐकलं असावं. मला थेट मोरीनच्या शेजारी आणून टाकलं.

मोरीनकडे मेंढ्या नव्हत्या, तीन कोंबड्या होत्या. एकीचं नाव मास्टर, दुसरीचं मेट्रन, तिसरीचं क्लार्क. रोज सकाळी ती त्यांना शिव्या घाली. "क्लार्कने आज अंडं दिलं नाही. बरोबर आहे. तेव्हाही काही दिलं नव्हतं." तेव्हा म्हणजे केव्हा, हे मला कळायला महिना गेला.

तिच्या व्हरांड्यात खडूने फुल्या काढलेल्या असायच्या, दीड-दीड मीटरवर. पाहुण्याने आपल्या फुलीवर बसायचं. मला वाटलं, कोरोनासाठी. "छे," ती म्हणाली, "या तीस वर्षांपासून आहेत. नटाने कुठे उभं राहायचं त्याची खूण. बाकीचं जग आत्ता कुठे शिकतंय."

मी तिला मोरीनताई म्हणत असे. माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या बाईला नुसतं नावाने हाक मारायला जीभ वळेना. ताई म्हणजे काय ते तिने विचारून घेतलं आणि खूश झाली. माझ्या सुधाचं तिने पहिल्याच दिवशी सू करून टाकलं होतं. ताई म्हणवून घेतल्यावरही तिने ते सोडलं नाही.

नाटक ती तीस वर्षं करत होती. एकच नाटक, दर हिवाळ्यात, चर्चच्या हॉलमध्ये. त्याला नाव नव्हतं. गावात सगळे 'मोरीनच्या पेट्या' म्हणायचे. आयर्लंडमध्ये बटाट्यावर रोग पडला आणि बटाट्यावर जगणारी माणसं उपाशी मेली, तेव्हाची गोष्ट. "शेतात बटाटा सडत होता आणि बंदरातून धान्याच्या बोटी बाहेर जात होत्या," हे नाटकातलं पहिलं वाक्य. ते कसं म्हणायचं हेही तिने ठरवून दिलं होतं. "हळू म्हणायचं. आणि मग पाच आकडे मोजेपर्यंत काहीच म्हणायचं नाही."

जी माणसं उरली त्यांतली पुष्कळशी वर्कहाउसमध्ये गेली. तिथे मरेस्तोवर काम करून घेत आणि मरणार नाही एवढंच खायला देत. मास्टर, मेट्रन आणि क्लार्क तिथले. या वर्कहाउसांमधून अनाथ मुली निवडून बोटीने ऑस्ट्रेलियाला धाडल्या गेल्या, कारण इथे मोलकरणींची आणि बायकांची टंचाई होती. प्रत्येकीला एक लाकडी पेटी, पुढच्या फळीवर नाव. आत सहा शेमिजी, दोन परकर, मोजे, दोन जोड बूट. "जिने जन्मात पायात काही घातलं नव्हतं," मोरीन म्हणे, "तिला एकदम दोन जोड." तिची पणजी ब्रिजेट अशा एका पेटीबरोबर आली होती.

नाटकात आठ बायका, आठ पेट्या. बाई येते, पेटी उघडते, एकेक कपडा काढून घडी घालते, आणि घडी घालता घालता आपली गोष्ट सांगते. मधे गाणी. सोळा वर्षांच्या मुलींची कामं करणारी एकही साठीच्या आतली नव्हती. "सोळा वर्षांची मुलगी कळायला साठ वर्षं लागतात," हे मोरीनचं ठाम मत.

दुसरं ठाम मत असं, की स्टेजवर रडायचं नाही. "रडणं हे प्रेक्षकांचं काम आहे. ते बिचारे तेवढ्यासाठी येतात. त्यांच्या हातून हिसकावून घ्यायचं नाही."

तालमीच्या सुरुवातीला ती हजेरी घेई, बोटीवर घेत तशी. एका वहीतून आठ मुलींची नावं वाचायची, बायकांनी "हजर" म्हणायचं. आठवं नाव झालं की ती पान उलटे, त्या कोऱ्या पानाकडे क्षणभर बघे आणि वही मिटे. मला वाटायचं, म्हातारी नववं नाव विसरते.

त्या वर्षी हॉल बंद झाला. आठांपैकी दोघी राज्याच्या सीमेपलीकडे अडकल्या, एक घराबाहेर पडेना. डॉक्टरांनी मोरीनला सांगून टाकलं, चार भिंतींत माणसं जमवायची नाहीत आणि गायचं तर मुळीच नाही.

"या वर्षी केलं नाही तर पुढच्या वर्षी मी कॉन्सर्टिना उचलू शकेन का, सांगता येत नाही," ती कुंपणाशी येऊन म्हणाली. आवाजात रडगाणं नव्हतं, कोंबड्यांचं खाणं संपलं म्हणावं तसं. "आणि मी गेले की या पेट्या चर्चच्या सेलमध्ये जातील. बायका त्यात ब्लँकेटं ठेवतील. सू, तू कधी नाटकात काम केलंयस?"

हा प्रश्न मला विचारू नये. मी लगेच हो म्हटलं.

तालमी तिच्या परसात सुरू झाल्या, लाल मातीत चुन्याच्या फुल्या मारून. उरलेल्या दोन जागी तिने गल्लीतल्याच दोघींना धरून आणलं. मला एका मुलीचं काम मिळालं. पहिल्याच तालमीत मी पेटी उघडली, परकर छातीशी धरला आणि अशी हमसून रडले की पलीकडच्या गल्लीतलं कुत्रं भुंकायला लागलं. मोरीनने शांतपणे विचारलं, "झालं? आता घडी घाल."

मी दुखावले. तिला सांगितलं, की एकोणिसाव्या वर्षी मी कॉलेजात हेच करून टाळ्या घेतल्या आहेत. बहात्तरचा दुष्काळ होता. दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी आम्ही नाटक बसवलं होतं, आणि मी उपाशी आईचं काम केलं होतं. कोरी साडी आणून, इस्त्री करून, मग शिवणाच्या कात्रीने नीट मापात फाडली होती. अर्धा तास रडले. पाहुण्यांनी तोंड भरून कौतुक केलं. नंतर हॉल झाडायला एक बाई आली. तिचं सगळं गाव दुष्काळी कामावर खडी फोडत होतं. ती मागे उभी राहून नाटक बघत होती. माझ्याजवळ येऊन, अगदी चौकशी केल्यासारखं तिने विचारलं, "एवढं रडाया अंगात पानी कुठनं आणलंस गं, बाई?"

मला तेव्हा वाटलं, खेडवळ आहे, कला कळत नाही. ही अक्कल घेऊन मी पुढे एकतीस वर्षं पोरं शिकवली.

मोरीन इतकी हसली की दोनदा पंप ओढावा लागला. मग पंप खिशात टाकून तिने विचारलं, "तुमच्याकडेही खडी फोडायला लावली?"

"हो. रस्ते केले. मजुरीबरोबर खायला सुकडी मिळायची."

"आमच्याकडेही रस्ते केले," ती म्हणाली. "काही तर कुठेच जात नाहीत. डोंगरात मधेच संपतात." तिने खिशातून खडू काढला आणि त्या झाडणाऱ्या बाईचं वाक्य इंग्रजीत पेटीच्या झाकणावर आतून लिहिलं. "हे वाक्य नाटकात घेतलं. नाव काय तिचं?"

मला माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं.

नियम असा होता, की आपापली पेटी यादीप्रमाणे प्रत्येकीने स्वतः भरायची. मी शेमिजी भरल्या, परकर भरले, बूट ठेवले. एक कोपरा रिकामा राहिला. आता मला सांगा, परदेशी निघालेल्या मुलीच्या सामानात रिकामा कोपरा कोण ठेवेल? रेवतीला पहिल्यांदा इकडे धाडलं तेव्हा मी तिच्या स्वेटरच्या बाह्यांत मेतकूट कोंबलं होतं. विमानतळावर तिला ते सगळ्यांसमोर उपसावं लागलं, आणि पोरीने पंधरा दिवस मला फोन केला नाही. तरी हात सुधारला नाही. मी मेतकुटाची एक पुडी बुटाच्या चवड्यात सारली.

तालमीत मी बूट उपडा केला आणि पुडी धप्पकन खाली पडली. दोघी फिसकन हसल्या. मोरीनने पुडी उचलली, हुंगली आणि सणसणीत शिंकली. ते दिवस असे, की सगळ्या बायका दोन-दोन पावलं मागे सरल्या.

"हे कुणी ठेवलं?"

"तिच्या आईने," मी म्हटलं.

"तिला आई नाहीये, सू. ती अनाथ आहे. यादीत तसं लिहिलंय."

"यादीत लिहिलं असेल," मी म्हणाले. चूक कबूल करायची माझी पद्धत नाही. "पण कुठेतरी आई असली, तर तिने काहीतरी घातलंच असणार."

मोरीन कोंबड्यांच्या खुराड्याला टेकली. पुडी हातातच होती. "आजची तालीम बास," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता माझा कुकर एकटाच वाजला. मला अन्न गोड लागेना. दुपारी ती कुंपणाशी आली, पुडी घेऊनच.

"ब्रिजेटला आई होती," ती म्हणाली.

बाप मेला, भावंडं मेली. आई आणि मुलगी उरल्या. बोटीवर फक्त अनाथ मुली घेणार, असं कळल्यावर आईने पोरीला वर्कहाउसच्या दारात सोडलं आणि बजावलं, विचारलं तर आई मेली म्हणून सांग. क्लार्कने तसं लिहून घेतलं. मुलींच्या गाड्या बंदराकडे निघाल्या त्या सकाळी आई रस्त्याच्या कडेला उभी होती. हाक मारली असती, हात केला असता, नुसती रडली असती, तरी कुणीतरी विचारलं असतं, ही कोण? आणि पोरीला खाली उतरवलं असतं. म्हणून ती अशी उभी राहिली, जशी कुणाचीच कुणी नाही. गाडी गेली. ब्रिजेटला हे मरेपर्यंत दिसत होतं. तिने ते आपल्या मुलीला सांगितलं, म्हणजे मोरीनच्या आजीला. आजीने मोरीनला सांगितलं, पण कुणाला बोलू नकोस असं बजावून. सरकारी कागदावर खोटं लिहवलं, याची त्या घराला पिढ्यान्‌पिढ्या लाज.

"वहीतलं कोरं पान तिचं," मोरीन म्हणाली. "तिचं नाव कुणालाच माहीत नाही. तीस वर्षं मी तिला नाटकात आणायचा प्रयत्न करतेय. ती बोलत नाही, गात नाही, रडत नाही. अशा बाईला आणायचं कसं? पण ती आल्याशिवाय मला हे नाटक सोडून जायचं नाही." तिने पुडी माझ्या बाजूला कुंपणावर ठेवली. "तू उभी राहशील?"

"मी? तू तर म्हणतेस, मी फार रडते."

"म्हणूनच. तू न रडता उभी राहिलीस तर लोकांना कळेल, केवढं काम आहे ते."

नाटकातलं माझं त्या मुलीचं काम तिने मागच्या गल्लीतल्या एका निवृत्त परिचारिकेला दिलं. मला दोन आठवडे नुसतं उभं राहायला शिकवलं. "हात कुठे ठेवू?" मी विचारायची. "कुठेही ठेवू नकोस. त्यांना आता काही काम उरलेलं नाही." मी स्वयंपाकघरात ओट्याशी सराव करी. माझी सात वर्षांची नात ईरा रेवतीला जाऊन म्हणाली, "मम्मा, आजी इज डूइंग स्टॅच्यू अगेन."

हॉलचा प्रश्न तिने असा सोडवला. एप्रिलमध्ये सैनिकांच्या स्मरणदिनाला सगळी गल्ली पहाटे आपापल्या ड्राइव्हवेच्या टोकाशी उभी राहिली होती. तसंच करायचं. आठ बायका आठ घरांपुढे, आपापल्या पेटीशी. लोकांनी समोरच्या फुटपाथवर अंतर ठेवून बसायचं. गाणी कुणी गायची नाहीत, फक्त मोरीन आपल्या व्हरांड्यातून वाजवणार. शेवटी डॅरलचा यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली त्याची गाडी, एकेका घरापाशी थांबत पेट्या उचलत जाणार. डॅरल म्हणजे समोरच्या घरातला प्लंबर, पाच शब्दांत दिवस काढणारा माणूस. आणि गल्लीच्या टोकाला, निलगिरीच्या झाडाखाली, मी.

ऑगस्टमधली दुपार होती, ऊन असून गार. अख्खी गल्ली खुर्च्या घेऊन आली होती. रेवती ड्यूटीवरून थेट आली, युनिफॉर्ममध्येच, बाळ कडेवर. एकेका पेटीची गोष्ट झाली. झाडणाऱ्या बाईचं वाक्य आलं, आणि समोरच्या फुटपाथवर कुणीतरी नाक शिंकरलं. मग यूट निघाला. मागे कॉन्सर्टिना चालू होती, एक साधी, चालीची धून. यूट माझ्यापुढून वळून जाईपर्यंत ती थांबणार नव्हती, असं ठरलं होतं.

आठवी पेटी ब्रिजेटची. ती चढली आणि यूट माझ्या दिशेने यायला लागला. आणि धून मधेच तुटली.

माझ्या डोक्यात एकच आलं: मोरीन पडली. तिचा श्वास गेला. तिचा व्हरांडा माझ्यापासून चार घरं दूर, मधे डॅरलचा यूट, मला काही दिसेना. पाय उचलणारच होते. तोंडात "मोरीनताई" आलंच होतं. पण मी हलले असते, तर ब्रिजेटला खाली उतरवलं असतं. तीस वर्षं वहीच्या कोऱ्या पानावर बसलेली ती बाई तिथेच राहिली असती. यूट पावलापावलाने आला, इंजिनाची घरघर तेवढी ऐकू येत होती. पेट्यांवरची नावं माझ्यासमोरून एकेक करून गेली. मी हात हलवला नाही. मी हाक मारली नाही. डोळे कोरडे ठेवायला केवढी ताकद लागते, हे मला सदुसष्टाव्या वर्षी कळलं.

यूट वळला आणि मी धावले. चप्पल एकीकडे, मी एकीकडे.

मोरीन आपल्या खुर्चीत बसली होती. कॉन्सर्टिना मांडीवर मिटलेली. पंप तिच्या हातात होता, पण ती तो ओढत नव्हती. गालांवरून पाणी गळत होतं आणि ते पुसायची तिला शुद्ध नव्हती.

"अगं, मला वाटलं तू मेलीस!" मी मराठीतच ओरडले.

तिला ते बरोबर कळलं. "नाही गं," ती म्हणाली. "तुला उभी पाहिली आणि हात थांबले. तीस वर्षं मी वाजवतेय, सू. नाटक आज पहिल्यांदा बघितलं." मग कार्डिगनच्या बाहीने नाक पुसलं आणि लगेच मास्तरीण झाली. "पुढच्या वर्षी इथे वाजवायचंच नाही. लिहून घे. आणि शेवटी तुझा डावा अंगठा हलला."

अंगठा हलला होता, खरं आहे.

पुढच्या वर्षीही मी उभी राहिले. बाजा तिच्याऐवजी दुसऱ्या कुणीतरी वाजवला. ती व्हरांड्यात पांघरूण घेऊन बसून होती, पण हजेरी तिनेच घेतली. आठ नावं झाल्यावर तिने पान उलटलं, कोऱ्या पानाकडे पाहिलं आणि थांबली. गल्लीच्या टोकावरून मी म्हटलं, "हजर." तिने वही मिटली. आता मी तिथे नाही, पण डॅरलची बायको उभी राहते. पेट्या सेलमध्ये गेल्या नाहीत.

भारताची विमानं सुरू झाली तेव्हा माझी बॅग मोरीनने आपल्या देखरेखीखाली भरून घेतली. रिकामा कोपरा कुठे राहिला नाही ना, हे स्वतः वाकून, दोनदा पंप ओढून पाहिलं. "कुकर रेवतीकडे ठेवून जा," एवढंच म्हणाली, "मला सवय झालीये."

त्यानंतर फोनवर तिचा आवाज ऐकला, पण दिसली ती मी निघाले त्या दिवशी शेवटची. सकाळी दहाला आम्ही ब्रिस्बेनला जायला निघालो. मोरीन आपल्या ड्राइव्हवेच्या टोकाशी आली होती, काठी न घेता. हिरवं कार्डिगन, पायात लाल मातीचे गमबूट. रेवतीने गाडी मुद्दाम हळू घेतली. मी काच खाली करून दोन्ही हात बाहेर काढले आणि वेड्यासारखे हलवले. ती नुसती उभी. हात बाजूला, मोकळे. चेहऱ्यावर ओळखसुद्धा नाही. गाडी तिच्यापुढून गेली, गल्लीच्या टोकाशी आली, तरी तशीच.

ईरा मागच्या काचेला नाक लावून बघत होती. "आजी, व्हाय इझंट शी वेव्हिंग?"

"ती काम करतेय, बाळा," मी म्हटलं.

रेवतीने आरशात माझ्याकडे बघितलं आणि टिश्यूचा डबा मागे दिला. मी माझं काम सुरू केलं.